गेस्टला हायपरवायजर कसा कळतो: नाशिकच्या एका रॅकवरच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

जागा अंबड औद्योगिक वसाहतीतला सर्व्हर कक्ष. होस्ट (खरी यंत्रं) दोन, दोन्ही इंटेलचे पण वेगवेगळ्या पिढीचे. दोन्हींवर डेबियन १२ लिनक्स, केव्हीएम हा हायपरवायजर (आभासी यंत्रं चालवणारा थर), त्यांची उपकरणं उभी करणारा क्यूईएमयू आणि हे सगळं सांभाळणारं लिबव्हर्ट. गेस्ट (होस्टवर चालणारी आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम) चार: पोस्टग्रेस डेटाबेसचा डेबियन १२, एक फाइल सर्व्हर, हिशेबाचा विंडोज सर्व्हर २०१९, आणि पिंपळगाव-दिंडोरी भागातल्या द्राक्ष शीतगृहांतून तापमानाच्या नोंदी गोळा करणारा जुना सेंटओएस ७.

तक्रारी दोन. तापमानाच्या नोंदींवरची वेळ अधूनमधून सरकते. पोस्टग्रेसचा गेस्ट काम नसतानाही सीपीयू खातो. जानेवारीत द्राक्षांच्या गाड्या सुरू होतात. त्याआधी दोन्ही निकाली निघायला हव्यात.

पहिली शंका अशी की गेस्ट आपण खऱ्या यंत्रावर आहोत असंच समजून चालले आहेत. होस्टनं देऊ केलेल्या सोयी त्यांनी घेतलेल्याच नसाव्यात.

४ नोव्हेंबर

गेस्ट हायपरवायजर ओळखतो तो क्रम तपासला. पुढचे सगळे लीफ (सीपीयूआयडी या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेचे क्रमांकित कप्पे) आणि एमएसआर (प्रोसेसरची खास नियंत्रण रजिस्टरं) हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात.

गेस्ट कर्नल आधी सीपीयूआयडीचा लीफ १ वाचतो आणि उत्तरातल्या ईसीएक्स रजिस्टरचा बिट ३१ बघतो. खऱ्या प्रोसेसरवर हा बिट कायम शून्य असतो, हायपरवायजर तो १ करून दाखवतो. बिट १ असेल तरच पुढे लीफ ४००००००० वाचायचा. त्यात ईएएक्समध्ये सर्वांत वरच्या हायपरवायजर लीफचा क्रमांक येतो आणि ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स मिळून बारा बाइटांची सही. केव्हीएमची सही म्हणजे ‘केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम’ ही नऊ अक्षरं आणि मागे तीन शून्य बाइट. कच्च्या आउटपुटमध्ये ती ४बी४डी५६४बी, ५६४बी४डी५६, ००००००४डी अशी दिसते.

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, लीफ शून्यमधलं प्रोसेसर कंपनीचं नाव ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स या क्रमानं जुळवतात. हायपरवायजरच्या सहीचा क्रम ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स. जुना कोड तसाच उचलला की सही उलटसुलट होते आणि तुलना फसते. दोन, बिट ३१ न बघता थेट ४००००००० वाचणं. इंटेलचा खरा प्रोसेसर अशा हद्दीबाहेरच्या लीफला चूक म्हणत नाही. आपल्या सर्वांत वरच्या मूळ लीफची माहिती परत देतो. तो कचरा सही समजून वाचला जातो.

खूप जुन्या केव्हीएम होस्टवर या लीफचा ईएएक्स शून्य येतो. तिथे शून्याचा अर्थ ४००००००१ धरायचा; आठ अंकी, ४०००००१ नव्हे. (हे मुद्दाम लिहिलं; पहिल्या वेळी टाइप करताना एक शून्य गळालंच होतं.)

चारही गेस्टवर बिट ३१ आहे. सही मात्र दोनच ठिकाणी मिळाली. पोस्टग्रेस आणि सेंटओएसवर नाही.

५ नोव्हेंबर

कारण सापडलं. त्या दोन गेस्टच्या लिबव्हर्ट एक्सएमएलमध्ये केव्हीएमच्या खाली ‘हिडन’ ऑन आहे. ही ओळ ग्राफिक्स कार्ड गेस्टला देताना वापरायची, कारण काही ड्रायव्हर व्हीएम ओळखून काम नाकारायचे. या रॅकमध्ये ग्राफिक्स कार्डच नाही. कुठल्यातरी नमुन्यातून ती चिकटून आलेली.

हिडनमुळे बिट ३१ जात नाही, फक्त केव्हीएमची सही आणि तिच्यामागचे लीफ जातात. गेस्टला कळतं की आपण व्हीएम आहोत, पण कोणाच्या घरात आहोत ते कळत नाही. मग केव्हीएम-क्लॉक (होस्टनं पुरवलेलं घड्याळ) नाही, स्टील टाइम (होस्टच्या रांगेत गेलेल्या वेळेचा हिशेब) नाही, काहीच नाही.

घड्याळाचं काय झालं ते बूट लॉगमध्ये सरळ दिसतं. गेस्ट टीएससीवर, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांच्या गणकावर, सुरू झाला. कर्नलचा वॉचडॉग टीएससीची दुसऱ्या घड्याळाशी तुलना करतो. त्या दोन वाचनांच्या मध्ये होस्टनं व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी कोर) बाजूला काढला की फरक मोठा दिसतो. वॉचडॉगनं टीएससी अस्थिर ठरवला. एक्सएमएलमध्ये एचपीईटी हा दुसरा टायमर बंद, म्हणून उरला एसीपीआय-पीएम टायमर. तो ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो, २४ बिटांचा आहे, साधारण ४.७ सेकंदांत गुंडाळून शून्यावर येतो. मुख्य म्हणजे तो पोर्टवरून वाचावा लागतो. प्रत्येक वाचनाला गेस्टमधून बाहेर पडून क्यूईएमयूपर्यंत जाऊन परत. पोस्टग्रेस वेळ सारखी विचारतो, तिथेच सीपीयू जात होता. पोस्टग्रेससोबत येणारं पीजी-टेस्ट-टायमिंग हे साधन चालवलं की एका वाचनाची किंमत नॅनोसेकंदांत मिळते. बदलाआधीचं आणि नंतरचं आउटपुट फोल्डरमध्ये ठेवलं आहे.

हिडनची ओळ काढली. लक्षात ठेवायचं: व्हर्श एडिटनं लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये केलेला बदल गेस्टच्या आतून रीबूट केल्यानं लागू होत नाही. गेस्ट पूर्ण बंद करून नव्यानं सुरू करावा लागतो, कारण रीबूटमध्ये क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते. अर्धा तास याच्यातच गेला.

आता बूट लॉगमध्ये ‘हायपरवायजर डिटेक्टेड: केव्हीएम’, आणि खाली केव्हीएम-क्लॉक ४बी५६४डी०१ व ४बी५६४डी०० हे एमएसआर वापरतंय अशी ओळ. ४बी, ५६, ४डी म्हणजे आस्कीत के, व्ही, एम. एमएसआरचा पत्ताच घराची पाटी.

७ नोव्हेंबर

सोयींचा लीफ ४००००००१ उलगडला. डेबियन गेस्टवर ईएएक्स आला ०१००७ईएफबी. त्यातले चालू बिट: ०, १, ३ ते ७, ९ ते १४ आणि २४.

कामाचे तेवढे लिहून ठेवतो. ० जुना केव्हीएम-क्लॉक, एमएसआर ११ आणि १२ वरचा. ३ नवा, वर लिहिलेल्या एमएसआरवरचा. दोन्ही असतील तर नवा घेतला जातो. १ म्हणजे पोर्टच्या लिखाणानंतरचा कृत्रिम विलंब नको. ४ असिंक पेज फॉल्ट, म्हणजे होस्ट मेमरीचं पान आणेपर्यंत गेस्टला दुसरं काम करता येतं. ५ स्टील टाइम. ६ पीव्ही-ईओआय, म्हणजे इंटरप्ट संपल्याचं स्वस्तात कळवणं. ७ पीव्ही-अनहॉल्ट, म्हणजे स्पिनलॉकसाठी (ज्याची वाट कोर जागीच फिरत बघतो असं लॉक). ९ टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचा कॅशे) फ्लश, ११ एकाच हायपरकॉलमध्ये (गेस्टनं होस्टला घातलेल्या हाकेत) अनेक कोरना आयपीआय, म्हणजे कोर-ते-कोर इंटरप्ट, १२ पोल कंट्रोल, १३ यील्ड. १४ असिंक पेज फॉल्टची सूचना इंटरप्टनं. २४ म्हणजे सगळ्या व्हीसीपीयूंवर घड्याळ एकसंध असल्याची ग्वाही होस्टला देता येते. ईडीएक्सचा बिट ० वेगळा: ती सोय नाही, सूचना आहे, १७ तारखेला पाहू.

फाइल सर्व्हरवर बिट ९ आणि ११ गायब. तिथे सीपीयू होस्ट-पासथ्रू नसून नावाचं मॉडेल दिलं आहे. पासथ्रूमध्ये होस्टच्या केव्हीएमला जमतं ते सगळं दिलं जातं. नावाच्या मॉडेलसोबत क्यूईएमयू मोजक्याच जुन्या सोयी आपोआप देतो, बाकीच्या एकेक करून मागायच्या.

बिट दिसला म्हणजे काम झालं असं नाही. साखळी चार कड्यांची आहे. होस्टनं बिट द्यायचा. गेस्ट कर्नलला तो बिट माहीत हवा. कर्नलच्या इतर अटी जुळायला हव्यात. आणि शेवटी गेस्टनं आपल्या मेमरीतला पत्ता एमएसआरमध्ये लिहून नोंदणी करायची. सेंटओएसच्या ३.१० कर्नलला नवे बिट कळत नाहीत, तो ते मुकाट ओलांडतो. चूक नाही, लॉगमध्ये ओळ नाही. म्हणून तपासणी सीपीयूआयडीवर थांबवायची नाही, बूट लॉगपर्यंत न्यायची.

उलटही घडतं. बिट न दाखवताही केव्हीएम तो एमएसआर लिहू देतो, कारण नेहमीच्या मांडणीत बिट आणि एमएसआर यांची सांगड सक्तीची नाही. ती हवी असेल तर क्यूईएमयूत केव्हीएम-पीव्ही-एन्फोर्स-सीपीयूआयडी चालू करायचं.

११ नोव्हेंबर

केव्हीएम-क्लॉक नीट समजून घेतल्याशिवाय तापमानाच्या नोंदींबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

गेस्ट प्रत्येक व्हीसीपीयूसाठी ३२ बाइटांची जागा ठेवतो आणि तिचा भौतिक पत्ता एमएसआर ४बी५६४डी०१ मध्ये लिहितो. पत्त्याचा बिट ० म्हणजे ‘चालू’. होस्ट त्या जागेत भरतो: आवृत्ती क्रमांक, टीएससीचं एका क्षणाचं मूल्य, त्या क्षणाची वेळ नॅनोसेकंदांत, गुणक, शिफ्ट आणि फ्लॅग. वेळ विचारण्यासाठी गेस्टला बाहेर जावंच लागत नाही. टीएससी वाचायचा, आधीचं मूल्य वजा करायचं, शिफ्ट लावायची, गुणकानं गुणून ३२ बिट उजवीकडे सरकवायचं, मूळ वेळ मिळवायची.

२.५ गीगाहर्ट्झचा टीएससी धरून हिशेब: शिफ्ट −१, गुणक ३४३५९७३८३६. शिफ्टनं निम्मे, गुणकानं ०.८ पट, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ०.४ नॅनोसेकंद. जुळतं.

आवृत्ती क्रमांक विषम असेल तर होस्ट लिहितोय, थांबून पुन्हा वाचायचं. सम असेल तर हिशेब करून क्रमांक परत वाचायचा. बदलला असेल तर केलेला हिशेब टाकून द्यायचा.

फ्लॅगच्या बिट ० वर बरंच अवलंबून आहे. तो १ असेल तरच युजर प्रोग्रॅम कर्नलमध्ये न शिरता व्हीडीएसओतून (कर्नलनं प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवलेल्या कोडमधून) वेळ घेऊ शकतात. होस्ट स्वतः टीएससीवर नसेल, एचपीईटीवर घसरला असेल, तर हा बिट जातो. गेस्टमध्ये घड्याळाचं नाव तेच दिसत राहतं, पण प्रत्येक विचारणा सिस्टम कॉल होते. ओळखायची खूण: एस-ट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावलं की वेळ विचारणाऱ्या क्लॉक-गेटटाइमच्या ओळी धो-धो दिसतात. सगळं ठीक असेल तेव्हा एकही दिसत नाही.

गेस्टमध्ये केव्हीएम-क्लॉकऐवजी टीएससी दिसला तर घाबरायचं नाही. लिनक्समध्ये केव्हीएम-क्लॉकचं गुणांकन ४००, टीएससीचं ३००. गेस्टला न थांबणारा, स्थिर टीएससी दिला असेल तर कर्नल स्वतःहून केव्हीएम-क्लॉक २९९ वर आणतो. मुद्दाम.

१३ नोव्हेंबर

स्टील टाइम. एमएसआर ४बी५६४डी०३, ६४ बाइटांची जागा, ६४ च्याच सीमेवर. व्हीसीपीयू चालायला तयार असूनही होस्टच्या रांगेत किती थांबला ते होस्ट इथे भरतो. टॉप या साधनात ते एसटी म्हणून दिसतं.

एसटी शून्य दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण सोय नोंदलेलीच नसेल तरी शून्यच दिसतं. हिडन असलेले दोन गेस्ट इतके दिवस तेच दाखवत होते. आधी बूट लॉगमध्ये स्टीलटाइमची ओळ, मग टॉप.

याच जागेत ‘प्रीएम्प्टेड’ असा एक बाइट आहे. त्या व्हीसीपीयूला होस्टनं बाजूला काढलंय का, हे इतर व्हीसीपीयूंना त्यावरून कळतं. म्हणून टीएलबी फ्लशची सोय स्टील टाइमशिवाय चालू होत नाही: झोपलेल्या कोरला इंटरप्ट पाठवून वाट बघण्यापेक्षा त्याच्या बाइटमध्ये खूण करायची, उठताना होस्ट फ्लश करून देतो.

१७ नोव्हेंबर

पोस्टग्रेसच्या एक्सएमएलमध्ये अजून एक वारसा: ‘हिंट-डेडिकेटेड’ ऑन. ईडीएक्सचा बिट ० तो हाच. होस्ट गेस्टला वचन देतो की तुझे व्हीसीपीयू कधी बेमुदत बाजूला काढले जाणार नाहीत. गेस्ट विश्वास ठेवतो आणि पीव्ही स्पिनलॉक बंद करतो, टीएलबी फ्लशची सोय सोडतो.

वचन खोटं होतं. व्हीसीपीयू कोणत्याही कोरला पिन केलेले (बांधून ठेवलेले) नव्हते, आणि त्याच कोरवर विंडोजचा रात्रीचा बॅकअप पळतो. लॉक हातात असलेला व्हीसीपीयू होस्टनं काढला की बाकीचे जागच्या जागी गरगर फिरत राहतात. पीव्ही स्पिनलॉक असता तर थोडं फिरून व्हीसीपीयू थांबला असता आणि लॉक सुटताच क्रमांक ५ च्या हायपरकॉलनं त्याला उठवलं असतं.

दोनच पर्याय: पिन करून कोर खरंच राखून ठेवायचे, नाहीतर सूचना काढायची. इतके कोर राखणं परवडणारं नाही; सूचना काढली. बूट लॉगमध्ये ‘पीव्ही स्पिनलॉक्स एनेबल्ड’ आलं. एकाच व्हीसीपीयूच्या गेस्टवर ही ओळ येत नाही, तिथे शोधत बसू नये.

२० नोव्हेंबर

विंडोज. त्याला केव्हीएमची सही कळत नाही, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरवायजरची, हायपर-व्हीची, कळते. म्हणून क्यूईएमयू मागितल्यावर ४००००००० वर ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ सही ठेवतो, ४००००००१ वर ‘एचव्ही#१’, आणि केव्हीएमची सही ४००००१०० वर ढकलतो. लिनक्स गेस्ट ४००००००० पासून १०० च्या पावलांनी सही शोधत जातो, म्हणून त्याला ती तिथेही सापडते. दोन्ही सह्या सापडल्या तर जिचा पाया वरचा ती जिंकते, म्हणजे केव्हीएमच. ज्या घरच्या कोडमध्ये ४००००००० हा एकच पत्ता गृहीत धरलेला असतो, तो इथे आपटतो.

लावलेल्या हायपर-व्हीच्या सोयी: रिलॅक्स्ड, व्हीएपिक, स्पिनलॉक्स ८१९१ वर, व्हीपीइंडेक्स, सिनिक, एसटायमर, टीएलबीफ्लश, आयपीआय, आणि घड्याळात हायपरव्ह-क्लॉक. एसटायमरला सिनिक, व्हीपीइंडेक्स आणि हायपरव्ह-क्लॉक तिन्ही लागतात; टीएलबीफ्लश आणि आयपीआयला व्हीपीइंडेक्स. एक सुटलं की गेस्ट सुरूच होत नाही, पण निदान चूक स्पष्ट सांगतो. एसटायमर आल्यापासून विंडोज निवांत असताना होस्टवर होणारी चुळबुळ बसली. त्याआधी तो नकली टायमरकडून सारखे ठोके घेत होता.

२५ नोव्हेंबर

डिस्क आणि नेटवर्क व्हर्टिओवर, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी उपकरणांवर. हे सीपीयूआयडीतून कळत नाही, पीसीआयवर दिसतं: कंपनी क्रमांक १एएफ४. संक्रमणी (जुनी-नवी दोन्ही पद्धत बोलणारं) नेटवर्क कार्ड १०००, डिस्क १००१. आधुनिक असतील तर १०४१ आणि १०४२, म्हणजे १०४० अधिक प्रकार क्रमांक.

वाटाघाट ठरलेल्या क्रमानं. ड्रायव्हर स्टेटसमध्ये १ लिहितो, मग २. उपकरणाचे बिट वाचून त्यातले झेपतील तेवढे परत लिहितो. मग ८, आणि ८ टिकला का ते पुन्हा वाचतो. उपकरणाला निवड मान्य नसेल तर ८ टिकत नाही. सगळं जमलं की ४. चालू उपकरणाचं स्टेटस म्हणून एफ दिसतं. काय ठरलं ते सिस-एफएसमध्ये त्या व्हर्टिओ उपकरणाच्या फीचर्स फाइलमध्ये ६४ शून्य-एकांच्या ओळीत असतं. ती डावीकडून बिट ० पासून वाचायची, नेहमीच्या बायनरीसारखी उजवीकडून नाही. ३३ वं अक्षर, म्हणजे बिट ३२, १ असेल तर उपकरण आधुनिक पद्धतीनं बोलतंय. नेटवर्कच्या अनेक रांगा हव्यात तर २२ बघायचा. तो असूनही एथटूलनं रांगांची संख्या तपासून घ्यायची.

सेंटओएसवर डिस्क बदलताच बूट अडकलं. इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या प्रतिमेत) व्हर्टिओ-ब्लॉकचा मॉड्यूल नव्हता, कारण ती प्रतिमा बनली तेव्हा डिस्क आयडीईवर होती. परत आयडीईवर नेऊन ड्रॅकटनं मॉड्यूल घालून प्रतिमा बनवली, मग डिस्क बदलली. एफएसटॅबमध्ये (डिस्कांच्या यादीत) एसडीए हे नाव लिहिलेलं होतं, व्हर्टिओवर ते व्हीडीए होतं; नावाऐवजी न बदलणारे यूयूआयडी घातले. विंडोजवर हीच चूक ७बी क्रमांकाची निळी पाटी होऊन येते. तिथे आधी एक जीबीची रिकामी व्हर्टिओ डिस्क जोडायची, ड्रायव्हर बसू द्यायचा, मगच मूळ डिस्क हलवायची.

२ डिसेंबर

एका होस्टवरून दुसऱ्यावर चालता गेस्ट हलवण्याची चाचणी. होस्ट-पासथ्रू दोन वेगळ्या पिढ्यांमध्ये चालणार नाही: गेस्ट बिट बूटच्या वेळी वाचतो, वाटेत होस्ट बदलला म्हणून परत वाचत नाही. जुन्या होस्टला झेपेल असं नावाचं मॉडेल घेतलं, वर ७ तारखेच्या यादीतल्या सोयी हातानं मागितल्या. स्थिर टीएससी दिलेला गेस्ट क्यूईएमयू हलवू देत नाही, टीएससीचा वेग आकड्यात ठरवून दिला नसेल तर. आपल्याला तो नकोच आहे, केव्हीएम-क्लॉक पुरतं. पोस्टग्रेस गेला, आला, घड्याळ जागेवर.

८ डिसेंबर

दुरुस्तीसाठी चार तास वीज बंद. यूपीएसनं होस्ट नीट बंद केले. वीज आल्यावर तापमानाच्या नोंदी चार तास मागच्या वेळेनं येऊ लागल्या. मूळ तक्रार शेवटी उघड्यावर आली.

होस्ट बंद होताना लिबव्हर्ट-गेस्ट्सनं गेस्ट बंद न करता डिस्कवर झोपवले होते. जागा झालेला गेस्ट झोपला त्या क्षणापासूनच पुढे मोजतो. क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) आहे, पण त्यात मेकस्टेप १ ३, म्हणजे उडी फक्त पहिल्या तीन दुरुस्त्यांत. क्रोनी आधीपासूनच चालू होता, त्या तीन केव्हाच संपलेल्या. मग तो घड्याळ पळवून फरक भरतो. नेहमीची कमाल मर्यादा दशलक्षात ८३,३३३, म्हणजे बारा सेकंदांमागे एक. १४,४०० सेकंद भरायला १,७२,८०० सेकंद लागतात. दोन दिवस, आणि तेवढा वेळ दर मिनिटाला घड्याळ पाच सेकंद जास्त पळतं. नोंदींमधली वेळ ‘सरकते’ ती अशी.

बदल: झोपवण्याऐवजी शटडाउन, आणि मेकस्टेप १ −१, म्हणजे उडी कधीही चालेल. डेबियन गेस्टवर पीटीपी-केव्हीएम मॉड्यूल घातला. तो क्रमांक ९ च्या हायपरकॉलनं होस्टचं घड्याळ आणि टीएससी जोडीनं आणतो आणि क्रोनीला पीएचसी (हार्डवेअर घड्याळ) म्हणून देता येतो. होस्ट टीएससीवर नसेल तर हा हायपरकॉल नकार देतो, ११ तारखेची तपासणी इथेही लागते.

१० डिसेंबर

प्रत्येक गेस्टवर बूटनंतर चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली: चालू घड्याळाचं नाव, बूट लॉगमधल्या स्टीलटाइम आणि स्पिनलॉकच्या ओळी, व्हर्टिओ फीचर्सची ओळ. मागच्या वेळेपेक्षा फरक असेल तरच मेल.

उरलेलं: सेंटओएस ७. त्याचा आधार ३० जून २०२४ लाच संपला आहे. तापमानाचा प्रोग्रॅम डेबियनवर बांधून पाहिला, एक जुनी सिरीयल लायब्ररी अडते. पहिली गाडी निघायच्या आत ती बदलायची.